परवाना मिळेल हो, पण बंदूक ठेवणार कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ४२ वर्षांचे आहेत. वाघोलीच्या बाजूला गोदाम आहे, अधूनमधून रोख रक्कम घेऊन घरी यावं लागतं. पानशेतच्या वाटेवर फार्महाउस आहे आणि शेजारच्या बंगल्यात चोरी झाल्यापासून तिथे रात्री झोप लागत नाही. रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा असं मनात आहे. पत्नीचा ठाम विरोध आहे. मुलगा १४ वर्षांचा. मित्राचं म्हणणं असं की स्वसंरक्षण हा आपला हक्क आहे, आणि बंदूक वाईट नसते, माणूस वाईट असतो. घ्यायचीच झाली तर रिव्हॉल्व्हर की बारा बोअर (लांब नळीची, छर्ऱ्यांची बंदूक), हेही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही जी परिस्थिती लिहिली आहे तिच्यात घेऊ नका. आणि हे बंदुकीला घाबरणारा माणूस सांगत नाहीये. मी लष्करात सुभेदार होतो, सगळी नोकरी शस्त्रांच्या सोबतीत गेली. निवृत्तीनंतर पुण्यात मुलांना रायफल शिकवतो आणि परवाना काढणाऱ्या मोठ्या माणसांना शस्त्र हाताळायला शिकवतो. माझ्याकडे स्वतःचा परवाना आहे. कायद्याने वागणाऱ्या सज्ञान माणसाला, त्याला खरी गरज असेल आणि तो शिकायला तयार असेल, तर शस्त्र मिळायला हवं असंच मला वाटतं. तरीही समोर बसलेल्या दहातल्या बहुतेकांना मी परत पाठवायला बघतो.

मित्राच्या 'हक्का'चं आधी बघू. हा शब्द हल्ली अमेरिकेतल्या वादावादीतून येतो. तिथे १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेतच आहे, आणि २००८ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे असा निकाल दिला. आपला इतिहास वेगळ्या वाटेने आला. १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी केला तो हिंदी माणूस निःशस्त्र राहावा म्हणून. युरोपियनांना त्यातून सूट होती. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली ती याच कायद्याच्या अमलात. त्यामुळे आपल्या जुन्या पुढाऱ्यांना शस्त्रबंदी हा अपमान वाटायचा, आणि ते बरोबरच होतं. १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा असं कलम होतं. पण स्वतंत्र देशाची घटना लिहायची वेळ आली तेव्हा, डिसेंबर १९४८ मध्ये, संविधान सभेचे सदस्य ह. वि. कामतांनी तो हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क घटनेत लिहिला तर सराईत गुन्हेगारही तो मागेल, हा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला, तोच आज लागू आहे.

म्हणजे स्वतःचं रक्षण करणं हा तुमचा हक्क आहे, त्यात शंका नाही. त्यासाठी बंदूक मिळणं ही मात्र सरकारने तुमची पात्रता बघून दिलेली, आणि काढून घेता येणारी परवानगी आहे. मला स्वतःला ही व्यवस्था मान्य आहे. तिची अंमलबजावणी मान्य आहे असं नाही. ज्याची ओळख आहे त्याची फाईल पळते आणि भोरच्या डोंगरातला एकटा शेतकरी वर्षभर हेलपाटे घालतो, हे मी बघत आलोय. माझ्या हातात असतं तर मी कागदपत्रं निम्मी केली असती आणि प्रशिक्षण दहापट.

आता 'बंदूक वाईट नसते, माणूस वाईट असतो.' हे वाक्य ऐकायला बिनतोड आहे. अडचण अशी की त्यात माणूस कायम एकसारखा राहतो असं धरून चाललंय. तुम्ही आज ४२ चे आहात, धंदा बरा चाललाय, दारू बेताची असेल, घरात शांतता असेल. परवाना मिळतो तो या माणसाला. बंदूक मात्र पुढची तीस वर्षं कपाटात राहणार. त्या तीस वर्षांत धंदा बुडू शकतो, भावाशी जमिनीवरून कोर्टकचेरी होऊ शकते, एखादं आजारपण येऊ शकतं, मन खचू शकतं. तेव्हाही कुलपाची किल्ली तुमच्याच हातात असेल.

याबद्दल लोक बोलायचं टाळतात, मी स्पष्ट बोलतो. जिथे घरोघरी बंदुका आहेत त्या अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. माणूस खचतो तो क्षण बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो, तो टळला तर माणूस वाचतो. बंदूक जवळ असेल तर टळायला वेळच मिळत नाही. आणि तो माणूस परवानाधारकच असेल असं कुठे आहे? बारावीचा निकाल लागलेला मुलगा असू शकतो, सून असू शकते, आजोबा असू शकतात. म्हणून परवाना एकाच्या नावावर असला तरी धोका घरातल्या सगळ्यांच्या नावावर असतो असं मी मानतो. तुमच्या पत्नीचा विरोध ही नुसती भीती आहे असं मला वाटत नाही. या व्यवहारातला त्या निम्मा हिस्सा आहेत. त्यांची मनापासून संमती नसेल तर मी तुम्हाला शिकवायलासुद्धा घेणार नाही. (माझा हा नियम बऱ्याच जणांना आगाऊपणा वाटतो. वाटू दे.)

लष्करात रायफल कुठे असते ठाऊक आहे? लोकांना वाटतं जवान तिला उशाशी घेऊन झोपतो. शांततेच्या ठिकाणी, छावणीत, ती कोतमध्ये असते. कोत म्हणजे युनिटचं शस्त्रागार. तिथे पहारा असतो, वही असते, घेताना सही, देताना सही, संध्याकाळी मोजणी. एक शस्त्र कमी निघालं तर ते सापडेपर्यंत कोणी झोपत नाही. रेंजवरून परत निघताना प्रत्येकाच्या रायफलचं चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, दुसरा माणूस बघतो, 'निरीक्षण के लिए जाँच शस्त्र' झाल्याशिवाय कोणी हलत नाही. तरणाताठा, शिकवून तयार केलेला, चोवीस तास शिस्तीत असलेला जवान, आणि त्याच्यावरही देश असा विश्वास ठेवतो: पूर्ण, पण मोजून मापून. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेला गोदाममालक जेव्हा मला सांगतो, 'सर, मी बेडच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार, लोडेड, म्हणजे वेळेला हाताशी', तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आता तुमच्या फार्महाउसवर या. रात्रीचे अडीच वाजलेत. लाईट गेलेली आहे, त्या भागात ती जातेच. मागच्या बाजूला काहीतरी आवाज झाला. तुम्ही गाढ झोपेतून उठलात. नियमाप्रमाणे शस्त्र कुलपात आहे, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली शोधायची, कुलूप उघडायचं, सिलिंडर उघडून सहा राउंड भरायचे, तेही हात थरथरत असताना. हे मी लोकांना दिवसाउजेडी वर्गात करायला लावतो, जिवंत काडतुसं न देता. त्यातच काहींच्या हातून डमी राउंड खाली पडतात. अमेरिकेतले पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली एक साधी गोष्ट मोजून दाखवली होती: हातात सुरा असलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. २१ फूट म्हणजे तुमच्या हॉलची लांबी. कमरेला पिस्तूल लावलेला तयार पोलिससुद्धा तेवढ्यात जेमतेम एक-दोन गोळ्या झाडू शकतो. तुम्ही तर अजून किल्ली शोधताय.

समजा सगळं जमलं. तुम्ही दारात उभे आहात, हातात भरलेलं रिव्हॉल्व्हर, समोर अंधारात एक आकृती. ती कोणाची? चोराची, की आवाज ऐकून बघायला आलेल्या वॉचमनची, की पाणी प्यायला उठलेल्या मुलाची? भीतीने नजर बोगद्यासारखी होते, कडेचं दिसत नाही. कान बधिर होतात, समोरचा 'बाबा' म्हणाला तरी ऐकू येत नाही. हे भित्र्या माणसाला होतं असं नाही. शरीराची घडणच तशी आहे, सरावलेल्या माणसालाही होतं, फक्त त्याला ते ओळखता येतं. आणि नेम चुकला तर गोळी तिथे थांबत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये तर कुठे कुठे दोन खोल्यांच्या मध्ये नुसतं जिप्समचं पार्टिशन किंवा फ्लश डोअर असतं. ते गोळीच्या दृष्टीने पुठ्ठाच. पलीकडे कोण झोपलंय हे माहीत असल्याशिवाय ट्रिगरवर बोट नाही, हा रेंजवरचा पहिल्या दिवसाचा नियम आहे आणि अंधाऱ्या घरात तो पाळणं जवळपास अशक्य असतं.

कायद्याचं एक लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खाजगी बचावाचा अधिकार तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. जुन्या भादंविच्या ९६ ते १०६ मध्ये होता तोच, थोड्या शब्दांच्या फरकाने. मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव घेण्याइतपत बळ वापरायची मुभा काही ठरावीक प्रसंगांत मिळते: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा अशी चोरी वा घुसखोरी जिच्यात जिवाची अगर जबर दुखापतीची रास्त भीती होती. इथपर्यंत ऐकून लोक खूश होतात. पण त्याच्या आधीच कलम ३७ उभं आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येणार नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तिथे हा अधिकारच नाही. घरफोडी करणारा निःशस्त्र होता, तुम्हाला बघून वळला आणि पळाला, गोळी पाठीत लागली. मग 'मला जिवाची भीती होती' हे न्यायालयाला पटवून द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते. तोवर शस्त्र जप्त होऊन तपासणीला गेलेलं असतं, गुन्हा नोंदलेला असतो, आणि तुमचा धंदा वकिलाच्या तारखांभोवती फिरत असतो. शेवटी सुटालही. पण टीव्ही आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी हे करायचं का, हा प्रश्न परवाना काढण्याआधी स्वतःला विचारायचा असतो.

रोख रकमेचं तर सरळ आहे. रोख कमी करा. बँकेत भरा, वेळ आणि रस्ता बदलत जा, जास्त असेल तर रोकड नेणाऱ्या एजन्सीला द्या. गाडी अडवणारे दोन-तीन जण असतात, तयारीने येतात, आणि पहिली चाल त्यांची असते. त्या झटापटीत तुमचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात गेलं की रोख रकमेबरोबर लाखभराचं शस्त्रही त्यांना मिळालं. पुण्यातल्या टोळीयुद्धांत वापरली जातात ती बहुतेक बेकायदा गावठी पिस्तुलं, त्याचा सज्जन परवानाधारकाशी संबंध नाही, असं म्हणणारे बरोबर आहेत. फक्त एवढंच, की चोरीला गेलेलं परवान्याचं शस्त्रही त्याच बाजारात जातं.

मग मी कोणाला हो म्हणतो? वेल्हे, मुळशी, भोरकडच्या डोंगरात रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात. तिथल्या शेतकऱ्याला पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर मागायचा अर्थ मला समजतो. त्याचं घर वस्तीपासून लांब आहे, पोलिस चौकी दूर आहे, आणि मुख्य म्हणजे बंदुकीचा आवाज हेच त्याचं अर्धं काम असतं. तरी त्यालाही मी सांगतो, रानडुकराला मारणं वेगळं आणि हाकलणं वेगळं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, वन खात्याच्या परवानगीशिवाय मारलंस तर तूच आत जाशील. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यामुळे लोक धास्तावलेत, 'आम्हाला बंदुका द्या' म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, घरातलं पोर गेलेल्या माणसाला मी काय उपदेश करणार? प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावराला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावात मारलं तर कायदाही त्याला गुन्हा म्हणत नाही. पण बिबट्या पाठीमागून, वाकलेल्या माणसावर येतो. ऊस तोडणाऱ्या बाईच्या हातात कोयता असतो, बंदूक घरी खुंटीला असते. तिथे पिंजरा, रात्रीची नको तर दिवसाची थ्री फेज वीज आणि वस्तीला कुंपण हीच मागणी लावून धरायला हवी.

खेळाडू हा दुसरा वर्ग, आणि त्यांच्याबद्दल मला जराही चिंता नाही. खऱ्या नेमबाजाला शस्त्राचा मोह उरलेला नसतो. रोज तेच, तोच श्वास, तोच ट्रिगर, हजारदा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते बघून बालेवाडीच्या रेंजवर मुलांची गर्दी वाढली. ही मुलं बंदूक कमरेला लावून फिरायचं स्वप्न बघत नाहीत, १०.९ चं बघतात, म्हणजे एका गोळीला मिळणाऱ्या सर्वाधिक गुणांचं.

तिसरा वर्ग मात्र असा आहे की त्याच्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. जमिनीचे पैसे आले, पांढरी गाडी आली, गळ्यात साखळी आली, आता कमरेला काहीतरी पाहिजे. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची ती चांगलीच परंपरा आहे, मीही करतो, हत्यार रिकामं करून, काडतुसं बाजूला ठेवून. पण पूजेचा फोटो, मग हातात धरून रील, मग वाढदिवसाच्या मिरवणुकीत हवेत एक बार. हवेत गेलेली गोळी खाली येते, हे शाळेत शिकवलेलं लोक विसरतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं पाहिजे, असं २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. शर्ट वर करून मूठ दाखवणं म्हणजे मर्दुमकी वाटत असेल, कायद्याच्या भाषेत ते परवान्याच्या अटीचा भंग असतो. लग्नाच्या हॉलमध्ये हत्यार दिसलं की मी जेवायला थांबत नाही. दारू, गर्दी आणि भरलेलं शस्त्र एका छताखाली आलं की तिथे कोणाचा अनुभव कामाला येत नाही.

तरीही तुम्ही घ्यायचंच ठरवलंत, तर प्रक्रियेबद्दल फार लिहीत नाही, ती वेळखाऊ आहे पण गूढ नाही. पुणे शहरात राहत असाल तर पोलिस आयुक्त, पिंपरी-चिंचवडला तिथले वेगळे आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वयाची अट २१ पूर्ण. अर्ज ऑनलाइन होतो, मग स्थानिक ठाण्याकडून चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित ठेवण्याची हमी, प्रशिक्षणाचा दाखला. एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. ९ मिलिमीटरचं पिस्तूल सिनेमात छान दिसतं, पण तो निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य माणसाला मिळत नाही. तुमच्या वाट्याला .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर बारा बोअर. एजंटाच्या नादी लागू नका. 'बिहारचा', 'नागालँडचा' परवाना लवकर करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला तुरुंगाचा रस्ता दाखवतोय.

खरी मेहनत शस्त्र घरी आल्यावर सुरू होते. लाकडी कपाट चालणार नाही. भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट केलेली स्टीलची तिजोरी, शस्त्र रिकामं, ट्रिगर लॉक लावलेला, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. किल्ली देवघरातल्या डब्यात, गीतेच्या पुस्तकात, बायकोच्या दागिन्यांच्या पेटीत: या जागा घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतात. तुम्ही म्हणाल, मग वेळेला उपयोग काय? अगदी बरोबर प्रश्न आहे. चौदा वर्षांचा मुलगा असलेल्या घरात सुरक्षित ठेवलेली बंदूक चटकन हाती येत नाही, आणि चटकन हाती येणारी बंदूक सुरक्षित नसते. यातून सुटका करणारं कुलूप अजून मी पाहिलेलं नाही. बोटाच्या ठशाच्या तिजोऱ्या मिळतात, बऱ्या आहेत, पण घामट बोटाला त्या दगा देतात.

मुलापासून लपवू मात्र नका. लपवलेल्या वस्तूचंच कुतूहल वाढतं. त्याला एखाद्या रेंजवर घाला, तुम्ही शस्त्र घ्या अथवा न घ्या. १० मीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० जूलहून कमी ऊर्जेची एअरगन कायद्याने मोकळी आहे. तीन महिने पेलेट (एअरगनचे छोटे छर्रे) मारल्यावर, नळी कायम समोर ठेवायची, रिकामी आहे असं कोणी सांगितलं तरी स्वतः बघायची, बोट ट्रिगरच्या बाहेर, हे त्याच्या अंगात मुरेल. मग मित्राच्या घरी कोणी हत्यार काढून दाखवलं तर तो हात लावणार नाही, बाजूला होईल. तुमच्या सगळ्या खर्चात हा सर्वांत चांगला खर्च ठरेल.

आणखी एक भाग आहे ज्याचा परवाना काढताना कोणीही विचार करत नाही: ही वस्तू जाणार कुठे? निवडणूक आली की आचारसंहितेत शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते, आली की ठाण्यात रांग लावायची. चार महिने अमेरिकेला मुलीकडे जायचं तर बंद फ्लॅटमध्ये ठेवून जाऊ नका, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून पावती घ्या. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि शेवटी मालकच गेला तर? सदाशिव, शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत, कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत आजोबांची बारा बोअर माळ्यावर पडून असते. आजोबा जाऊन वर्षं झाली, परवाना केव्हाच संपला, घरच्यांना ती 'आठवण' वाटते. कायद्याच्या नजरेत ते विनापरवाना शस्त्र आहे आणि ते ज्याच्या ताब्यात आहे तो आरोपी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षाच दोन वर्षांची आहे. मुलगा बँकेतून निवृत्त झालेला, आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही, असा माणूस माळा आवरताना सापडलेली बंदूक घेऊन घाबराघुबरा माझ्याकडे आलेला मी पाहिलाय. त्याने ती रिक्षातून आणली होती! असं करू नका. वस्तूला हात न लावता वकिलामार्फत ठाण्याला लेखी कळवा, त्यांना येऊन घेऊ द्या. आणि ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी: परवानाधारक ७० चा झाला किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याला हयातीतच आपल्या वारसाच्या नावे परवाना करून देण्यासाठी अर्ज करता येतो. वारस पात्र हवा आणि त्याची इच्छा हवी. इच्छा नसेल तर वडिलांच्या सहीनेच विक्रेत्याला विकून टाका, भावनेचा प्रश्न करू नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. रिव्हॉल्व्हर की बारा बोअर? रिव्हॉल्व्हर लहान असतं म्हणून सोपं, हा गैरसमज आहे. आपल्या सरकारी कारखान्याच्या .३२ चा ट्रिगर जड आहे, नळी आखूड आहे, सात मीटरवर कागदाच्या ताटाएवढ्या वर्तुळात सगळ्या गोळ्या बसवायला नवख्याला महिने लागतात. आणि काडतुसं महाग, मर्यादित. त्यामुळे बहुतेक परवानाधारक वर्षात एकदाही झाडत नाहीत. ज्याने वर्षभरात शस्त्र झाडलेलं नाही त्याने ते संरक्षणासाठी ठेवलंय असं म्हणू नये. फार्महाउसवर कायम राहणारा, एकटा, लहान मुलं नसलेला माणूस असता तर मी बारा बोअर म्हणालो असतो. तुम्ही शनिवार-रविवार जाणारे आहात. सोमवार ते शुक्रवार ती बंदूक तिथे ठेवणार की दर आठवड्याला सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून ने-आण करणार? दोन्हीपैकी एकही मला पटत नाही.

त्यापेक्षा असं करा. रिव्हॉल्व्हर, तिजोरी, काडतुसं आणि हेलपाटे मिळून जे दीड-दोन लाख जातील ते फार्महाउसवर लावा. मागच्या दाराला आतून आडवा लोखंडी अडसर, खिडक्यांना ग्रिल, हालचाल झाली की पेटणारे सौर दिवे, सिम कार्डवर चालणारा कॅमेरा, आणि गावातलं एखादं जोडपं राखणीला, पगार देऊन. दोन गावठी कुत्री पाळा, परदेशी जातीची नकोत, ती एसीत झोपतात. झोपायच्या खोलीला भरीव लाकडी दार आणि आतून दोन कड्या बसवा. रात्री आवाज आला तर सगळ्यांनी त्या खोलीत यायचं, कड्या लावायच्या, दिवे लावायचे, ११२ फिरवायचा, गावच्या पोलिस पाटलाला फोन करायचा आणि दाराबाहेर पडायचं नाही. हा सराव घरच्यांना घेऊन दोनदा करा, एकदा दिवसा आणि एकदा लाईट बंद करून. पोलिस पाटलाचा नंबर पत्नीच्या आणि मुलाच्याही फोनमध्ये आहे ना, ते आजच बघा.